चार बोटांची ओळख

दिवा: भराभर लुकलुकतो

गाडी टोचन करून आणली तेव्हा चावीताई दुकानाच्या पायरीवर बसून एका स्कूटरच्या कुलपात तेल सोडत होती. गाडी राखाडी, चार दारांची. अशा गाड्या रस्त्यात ढिगानं दिसतात आणि एकही लक्षात राहत नाही, त्यातली. जुन्या गाड्यांच्या दलालानं दोर सोडला, हात झटकले आणि लांबूनच आवाज दिला.

"ताई, पेशंट आणलाय. श्वास चालू आहे, डोळे उघडत नाही."

"तुमचं तोंड समोर असल्यावर कोण उघडेल?"

दलाल खूश झाला. चावीताईकडून दोन शब्द ऐकून घेतल्याशिवाय त्याला काम दिल्यासारखं वाटत नसे.

दुकान म्हणजे एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाली आणि मध्ये एक गाडी कशीबशी शिरेल एवढी फट. त्या फटीत बसून तिनं अर्ध्या शहराच्या गाड्यांना चाव्या करून दिल्या होत्या. नाव असं चिकटलं होतं की घरी सासूबाईसुद्धा चिडल्या की म्हणायच्या, "आल्या बघा चावीताई. आता तोंडाला कुलूप लावून बसतील."

ती आत बसली, सेल्फ मारला. इंजिन घुमलं, क्षणभर धरलं आणि त्यानं मान टाकली. पुन्हा मारला. तेच. मीटरमध्ये लाल चावीचा दिवा भराभर लुकलुकत राहिला.

"ओळख देत नाही," ती म्हणाली.

हा तिचा शब्द. गिऱ्हाइकं म्हणायची चावी खराब झाली, गाडी लॉक झाली, चोरीविरोधी सिस्टिम बिघडली. ती म्हणायची, चावी चांगली आहे हो, गाडी ओळख देत नाही. बोलणं बंद असलेले नातेवाईक जिन्यात भेटले की देत नाहीत, तशी. चावीच्या काळ्या प्लास्टिकच्या डोक्यात दाण्याएवढी चिप असते. कुलपाभोवती तांब्याच्या तारेची रिंग असते. चावी जवळ आली की रिंग विचारते, कोण? चिप आपला आकडा सांगते. आकडा गाडीच्या आठवणीत असला तर दिवा विझतो आणि इंजिन चालू राहतं. नसला तर तुम्ही चोर, मग गाडी तुमच्या बापाची का असेना. आणि हे सगळं बोलणं चार बोटांच्या अंतरात. त्याच्या पुढं गेलं की गाडीच्या लेखी तुम्ही नाहीच.

"आधीचा मालक कोण?" तिनं व्होल्टमीटरच्या पिना बॅटरीला लावत विचारलं.

"एक गृहस्थ होते. शेवटी शेवटी गाडीतच बसून असायचे म्हणे, स्वतःच्याच दारासमोर. आता कुठं गेले कुणास ठाऊक."

"घरच्यांना माहीत नाही?"

"विचारलं मी. एकमेकांकडं बघायला लागले." दलालानं खांदे उडवले. "कागद चोख आहेत, ताई. तुम्ही आता पोलीस होऊ नका."

बॅटरी चांगली. फ्यूज सगळे चांगले. चावीतली चिप टेस्टरवर ठेवली, तर ती लगेच बोलली, म्हणजे जिवंत. रिंगच्या दोन्ही वायरींमधून करंट जात होता. तिनं स्कॅनर सॉकेटला लावला आणि यादीत शिरली. ओळखीच्या चाव्या: एक.

"एकीलाच ओळखते," ती म्हणाली. "आणि ती ही नाही."


दिवा: विझलेला

ऊन फटीत शिरलं होतं. रिंगचं कव्हर काढायला तिनं डावा हात स्टिअरिंगखाली घातला आणि दिवा विझला.

चावी कुलपात नव्हतीच. ती बाहेर दलालाच्या हातात होती आणि तो त्याच चावीनं कान कोरत होता.

तिनं हात मागं घेतला. दिवा लुकलुकायला लागला. हात पुढं. विझला. मागं. पुढं.

ती घाई करणाऱ्यांतली नव्हती. आधी घड्याळ काढलं. मग बोटातली अंगठी. खिशातल्या साऱ्या चाव्या टेबलावर नेऊन ठेवल्या, फोन नेऊन ठेवला, बाही कोपरापर्यंत वर केली, हात साबणानं धुऊन कोरडा केला. मनगट रिंगजवळ नेलं. दिवा विझला.

तिनं दलालाला हात घालायला लावला. लुकलुकत राहिला. टायरवाल्याला बोलावलं, तोच प्रकार. झेरॉक्सवाली आली, तिनं हात घातला आणि नाराज होऊन म्हणाली, "मला नाही ओळखत. शाई लागलीय म्हणून का?"

मग चावीताईनं चिप नसलेली नुसती लोखंडी चावी कुलपात घातली, डावं मनगट रिंगला टेकवलं आणि उजव्या हातानं सेल्फ मारला. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. आवाज इतका मऊ की बोनेटवर ठेवलेला पाना जागचा हलला नाही.

"झालं मग," दलाल म्हणाला. "गाडीबरोबर आता गिऱ्हाइकाला तुम्हालाही देऊन टाकतो."

तिनं इंजिन बंद केलं.

तिला भीती वाटायला हवी होती, पण आला तो राग. ह्या डब्याला आपण आयुष्यात कधी पाहिलं नाही, आणि हा आपली ओळख आपल्याला न विचारता आठवणीत घेऊन बसलाय. कुठून घेतली? कधी? कुणी दिली?

"पुसून टाकते," ती म्हणाली.


हो / नाही

पुसायचा एक नियम आहे आणि तो तिनंच दुकानाच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवला होता: ओळख पुसताना सगळ्या चाव्या हजर पाहिजेत. गाडी निवडून पुसत नाही. एकदा सांगितलं की सगळंच पुसते, कोरी होते आणि मग जे जे समोर आणाल त्याची नव्यानं ओळख करून घेते. घरी ड्रॉवरमध्ये राहिलेली चावी त्यानंतर नुसता लोखंडाचा तुकडा. किती गिऱ्हाइकांना तिनं दरडावलं होतं, सगळ्या आणल्यात ना, नंतर बोंब मारायची नाही.

दलालाची चावी आणि दोन कोऱ्या चाव्या तिनं डॅशबोर्डवर ओळीनं मांडल्या. दलालाला आत बसवलं. स्कॅनरची वायर लांब होती. वायर ओढत ती बाहेर आली आणि टायरांच्या चळतीपाशी उभी राहिली. डावा हात पाठीमागं घेतला. मुद्दाम.

सर्व ओळखी पुसायच्या?

हो.

सर्व चाव्या हजर आहेत?

तिनं डॅशबोर्डवरच्या तीन चाव्यांकडं पाहिलं. पाठीमागं मूठ आवळली.

हो.

आत कुठंतरी टक् असा आवाज झाला, एखाद्यानं जिभेनं टाळूला करावा तसा. मग तिच्या सांगण्याप्रमाणं दलालानं एकेक चावी घातली आणि काढली. तिन्ही वेळा दिवा विझला. शेवटी तिनं स्वतः हात घालून पाहिलं. दिवा भराभर लुकलुकला.

"आता बरोबर," ती म्हणाली.

दलालानं गाडी मागं घेतली, काच खाली केली आणि तिच्या खांद्यावरून आत दुकानात पाहिलं.

"चावीताई कुठं गेल्या? सांगा त्यांना, गाडी मस्त झाली."

"सांगते की."

"तुम्ही नवीन वाटतं इथं?"

स्वतःच्या विनोदावर सगळ्यांत आधी स्वतः हसणारा तो माणूस. हसला नाही. काच वर केली आणि गेला.


दिवा: इथून दिसत नाही

फोननं अंगठा घेतला नाही. तिनं अंगठा पुसला, तरी घेतला नाही. ऑइल लागलं असेल, तिनं मनाशी म्हटलं. असं तर रोजच होतं.

संध्याकाळी शटर ओढायला लागली तेव्हा टायरवाला टायर सोडून उठला.

"ओ बाई. शटरला हात लावू नका. मालकीणबाई येतीलच एवढ्यात."

"ऊन लागलं का तुला? मीच आहे."

"तेच म्हणतोय, तुम्ही कोण?" त्याच्या हातात लोखंडी पट्टी होती. धमकी द्यायला नव्हती घेतलेली, पण खालीही ठेवत नव्हता. ह्या माणसाला तिनं हायड्रॉलिक जॅक कसा वापरायचा ते शिकवलं होतं. त्याच्या बायकोचं बाळंतपण अडलं तेव्हा पहाटे गाडी काढायला ह्यानं तिलाच हाक मारली होती.

तिनं शटर खाली ओढलं, कुलूप घातलं, चावी खिशात टाकली आणि त्याच्याकडं पाहून म्हणाली, "उद्या सकाळचा चहा तुझा तू कर."

तो गोंधळून बघत राहिला. पण आडवा आला नाही. चावी कुलपात नीट फिरली होती.

घराचं कुलूपही फिरलं. साध्या लोखंडाला कुणाची ओळख लागत नाही.

आत रोजचंच सगळं. सासूबाई मटार सोलत होत्या. नवरा शर्टांना इस्त्री करत होता. लेक टेबलावर वह्या पसरून बसली होती. तिनं मान वर केली, पेन्सिलीचं टोक दाताखाली धरलं आणि विचारलं,

"आजी, ह्या काकू कोण?"

काकू.

नवऱ्यानं इस्त्री उभी ठेवली. "कोण हवंय तुम्हाला?"

लग्न झाल्यापासून हा माणूस तिला 'तू' म्हणत आला होता. भांडताना तू, तापात तू, लेक झाली तेव्हा दवाखान्यात पायाशी उभं राहून नुसतंच तू, तू, पुढचं वाक्य न सुचून. 'तुम्ही' फक्त रुसल्यावर, तेही ओठ दाबून. हे 'तुम्ही' तसलं नव्हतं. विजेचं मीटर बघायला आलेल्याला म्हणतात, ते होतं.

तिनं पिशवी खाली ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. मिठाची बरणी कुठं आहे. त्याच्या खांद्यावरचा व्रण कशानं झाला. लेक लहानपणी कुठला शब्द उलटा म्हणायची. सासूबाईंच्या कपाटात चादरीखाली कुणाचा फोटो आहे.

जितकं बरोबर सांगावं तितके ते मागं सरकत होते.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" नवऱ्याचा आवाज बारीक झाला. त्यानं लेकीला पाठीशी घेतलं. "किती दिवस नजर ठेवून आहात आमच्यावर?"

तिला कळलं. सगळी उत्तरं बरोबर देणारी परकी बाई म्हणजे चोरच. तिनंही दुसरा काही निष्कर्ष काढला नसता.

"पोलिसांना फोन करतो."

"करा." तिनं खुर्ची ओढली, आपली, खिडकीशेजारची आणि बसली. "पण मी कुठं जाणार नाही. माझं घर आहे. उचलून न्यावं लागेल, आणि मी चांगली जड आहे."

सासूबाई कुणाला भीत नसत. त्यांनी मटारची ताटली बाजूला ठेवली, तरातरा आल्या आणि तिचं मनगट पकडलं.

"ऊठ. खुर्चीवर बसून मालकी होत नसते. चल, चालायला लाग, नाहीतर सगळ्या बिल्डिंगला गोळा करीन आणि तुला... अगं, हात किती गार पडलाय तुझा. जेवलीस का दुपारी?"

सासूबाईंनी तिची हनुवटी धरून वर केली.

"नाही जेवलीस. तोंडच सांगतंय. थांब, आधी पाणी देते." त्यांनी हात सोडला, स्वयंपाकघराकडं वळल्या, माठावरचं झाकण काढलं, आणि पेला हातात घेऊन मागं फिरल्या तर कपाळाला आठी.

"कोण गं तू? आत कशी आलीस?"


पल्ला

रडायला येत होतं. ते तिनं बाजूला ठेवलं. आधी तपासणी.

सासूबाईंचा उपयोग नव्हता, त्या साऱ्या जगाला 'तू' म्हणत. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो फोन कानाला लावून दारापाशी उभा होता. ती उठली आणि रिंगजवळ हात न्यावा तसा हळूच, तळवा उघडा ठेवून, त्याच्या कोपराजवळ हात नेला.

"पुढं येऊ नका तुम्ही, मी सांगतोय तुम्हाला, मी आता... तू आलीस कधी? चावीचा आवाज नाही आला मला."

हात मागं.

"...पोलिसांना लावलाय फोन. तुम्ही तिथंच थांबा."

हात पुढं. एक वीत: तुम्ही. आठ बोटं: तुम्ही. सहा: तुम्ही.

पाच: तु—

चार.

"तू ना," नवरा म्हणाला, "आल्या आल्या काय नाच शिकवतेस का? आणि मी फोन कुणाला लावलाय?"

"कुणाला नाही. बंद कर."

त्यानं केला.

मागं. तुम्ही.

पुढं. तू.

मागं.

पुढं.

दर वेळी त्याचा चेहरा बदलत होता आणि बदललेला त्याला कळत नव्हता. मधला भाग त्याच्यापाशी नव्हता. ती चार बोटांच्या आत असताना ती कायमचीच तिथं होती; बाहेर गेली की कधी नव्हतीच.

लेकीवर तिनं तपासणी केली नाही. ते धाडस नव्हतं तिच्यात. सरळ टेबलापाशी गेली, खाली बसली आणि मिठी मारली. पोर लाकडासारखी ताठ झाली. आजीला हाक मारायला तोंड उघडलं. मग ताठपणा गेला.

"आई, सोड ना. ऑइलचा वास येतोय तुला."

"येऊ दे. नाही सोडणार."

"आजी, बघ ना आई कशी करतेय."

"करू दे," सासूबाई लांबून म्हणाल्या, आणि कुणाबद्दल बोलताहेत ते स्वतःलाच न कळल्यासारख्या गप्प झाल्या.


दिवा: भराभर लुकलुकतो

दलालाच्या गाड्या एका मोकळ्या आवारात पत्र्याखाली उभ्या असत. सकाळी ती स्कॅनर खांद्याला लावून गेली आणि तो "या बाई, छोटी बघताय का मोठी" म्हणेपर्यंत तिनं त्याचं कोपर धरलं.

"अरेच्चा, चावीताई. काल न सांगता कुठं गायब झालात?"

"राखाडी गाडी कुठं आहे?"

"ही काय, मागं. उद्या गिऱ्हाईक येणार आहे बघायला. ताई, कोपर सोडा हो. लोक बघतायत."

"बघू देत. चाला."

ते दोघं तसेच, एकाच दोरीला बांधल्यासारखे, रांगेच्या टोकापर्यंत गेले. तिथं तिनं त्याच्याकडून चावी घेतली, त्याला सोडलं आणि आत बसली. तो जरा वेळ तिच्याकडं बघत राहिला. "निवांत बघा, बाई," म्हणून दुसऱ्या गाडीच्या टायरला लाथ मारायला गेला.

तिनं डावं मनगट रिंगला टेकवलं. दिवा लुकलुकला. अपेक्षितच होतं.

स्कॅनर लावला. काल तिनं तीन चाव्यांची ओळख करून दिली होती. पडद्यावर तीन नव्हते. आकडा लांबलचक होता, आणि ती बघत असताना त्याचा शेवटचा अंक बदलला. थोड्या वेळानं पुन्हा बदलला. असल्या गाडीच्या आठवणीत आठ चाव्या मावतात. त्यापुढं नववी घेत नाही, हे तिनं स्वतः शेकडो वेळा पाहिलं होतं.

तिनं खालची ओळ उघडली.

सर्व ओळखी पुसायच्या?

काम सोपं होतं. हो दाबायचं, मनगट रिंगला टेकवून ठेवायचं. कोरी झालेली गाडी पहिली ओळख तिचीच घेणार. नवरा लांबून 'तू' म्हणेल. टायरवाला चहा मागेल. तिनं हो दाबलं.

सर्व चाव्या हजर आहेत?

बोट पडद्यावर अलगद टेकलं होतं. लेक आत्ता शाळेत, तिसऱ्या बाकावर बसलेली असेल. सासूबाई मटार निवडत असतील. नवरा कामावर. टायरवाला, त्याची बायको, ते अडलेलं बाळ. त्या लांबलचक आकड्यात कोण कोण होतं, ते तिला माहीत नव्हतं. पडद्यालाही ते विचारायचं नव्हतं. त्याला फक्त हो हवं होतं, काल मिळालं तसं.

"नाहीत हजर," ती मोठ्यानं म्हणाली, आणि नाही दाबलं.

प्रश्न पुन्हा आला.

नाही.

पुन्हा आला.

नाही. नाही. नाही.

गाडीनं टाळूला जीभ लावल्यासारखा आवाज केला.

"ऐक," ती म्हणाली. "तू ओळख देत नाहीस ना? नको देऊ. मी मागायला आले होते, ती माझी चूक. पुन्हा येणार नाही."

मग तिनं खिशातून कटर काढला, पायाजवळ वाकली आणि स्कॅनरच्या सॉकेटमागच्या वायरी एकेक करून मुळाशी कापल्या. टोकं मागं ढकलली, सॉकेट उपटून पिशवीत टाकलं. यापुढं कुणालाही, ओळख पुसायला म्हणून, ह्या गाडीशी बोलता येणार नव्हतं. तिलासुद्धा.

दिवा लुकलुकत राहिला. तिनं त्याच्यावर तिथलंच एक जुनं स्टिकर चिकटवलं आणि दार आपटून बाहेर आली.


दिवा: झाकलेला

माणूस कशालाही वळण लावू शकतो.

सकाळी नवरा जागा होण्याआधी ती त्याच्या दंडावर हात ठेवी आणि मगच त्याला उठवी. सासूबाई रोज दारात अडवत. ती रोज शिव्या खाई, मनगट पुढं करी आणि आत येई. जेवताना तिघंही तिच्या अंगाला खेटून बसत. "एवढं मोठं टेबल आणि आपण गुरांसारखे," नवरा कुरकुरे, पण सरकत नसे, कारण ती सरकू देत नसे. टायरवाल्याशी तिनं नव्यानं ओळख केली, शेजारीण म्हणून, साधी, माणसामाणसांत होते तशी. ती दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकत नसे. मग ती पुन्हा करी. दुकानाच्या पाटीवर तिनं आपला फोटो लावला. लोक फोटोकडं बघत, तिच्याकडं बघत, आणि विचारत, चावीताई कधी येतील? "ही काय आले," म्हणून ती हात पुढं करी.

हार मात्र मानली नाही.

फक्त शाळेचं फाटक होतं. तिथवर लेकीचा हात हातात असे आणि तोंडाची टकळी चालू असे. फाटकाशी हात सोडावा लागे. लेक आत जाताना कधी वळून बघत नसे. का बघेल? आणि शाळा सुटली की ती बाहेरच्या गर्दीत आई शोधत नसे. आजी घ्यायला येते असं मैत्रिणींना सांगे. त्या लोंढ्यातून एका परक्या मुलीचा हात पकडायचा, तिनं ओरडण्याआधी. वॉचमन आता चावीताईवर डोळा ठेवून असे.

त्या दिवशी पकडायला जरा उशीर झाला. पोर दचकली, हात हिसकला, डोळ्यांत खरीखुरी भीती आली. बोटं निसटली. चावीताईनं मनगट धरलं, घट्ट, दुखेल असं.

"आई," लेक म्हणाली. "हळू ना. आज ना, मला चित्राला स्टार मिळाला."

"कसलं चित्र?"

"आपलं घर. पण मॅडम म्हणाल्या, आई काढायची राहिली."

चावीताईनं मान वर केली, कारण खाली बघितलं असतं तर पोरीनं तोंड पाहिलं असतं.

रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर एक बाई उभी होती. तिच्याबरोबर तिचा मुलगा. तो बोलत होता, ती मान हलवत होती. तिनंही मुलाचा हात धरला नव्हता. मनगट धरलं होतं. त्यांच्यामागं एक माणूस म्हाताऱ्याच्या खांद्याला खांदा चिकटवून चालला होता. बसस्टॉपवर दोघी बहिणी असाव्यात, एकमेकींची बोटं गुंफून. हे सगळे रोजच इथं असत. तिनं कधी पाहिले नव्हते.

त्या बाईनं चावीताईच्या मुठीकडं पाहिलं. मग चेहऱ्याकडं. आणि इतक्या लांबून, रहदारीच्या पलीकडून, ओळख असल्यासारखी किंचित मान हलवली.

चावीताईनंही हलवली.

तेव्हा तिचं लक्ष मुलाकडं गेलं. तो आईपेक्षा वीतभर उंच होता. मिसरूड फुटलेली. त्यानं बोलता बोलता केस मागं सारायला हात वर केला, तसा आईचा हातही त्याच्याबरोबर वर गेला. पकड बदलताना तिची बोटं क्षणभर सरकली. खाली मुलाच्या कातडीवर चार वळ होते, जुने, काळपट, खोल गेलेले.